नवे फ्रेंच पॉप कसे शोधावे : कव्हर गाण्यांच्या वाटेने

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन-तीन वर्षे फ्रेंच शिकलेल्या आणि एदित पियाफ, स्ट्रोमाय व इंदिला यांच्यापलीकडे फारसे काही न ऐकलेल्या श्रोत्याने आजचे फ्रेंच पॉप संगीत कसे शोधावे, त्यातली कोणती कव्हर गाणी (म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी आधीचे गाणे नव्याने गायलेली रूपे) ऐकावीत, आणि २१ जूनच्या संगीत दिनाला स्वतः गाण्यासाठी एखादे गाणे कसे निवडावे? मी अनेक वर्षे फ्रेंच शिकवते. वर्गासाठी गाणी निवडणे हा माझ्या कामाचाच एक भाग असल्यामुळे या प्रश्नाच्या तिन्ही बाजूंशी माझा नेहमी संबंध येतो. माझे मत असे आहे की, नवी गाणी एकेक करून शोधण्यापेक्षा कव्हर गाण्यांचा माग काढावा. नवा गायक जुन्यांपैकी कोणाचे गाणे उचलतो, यावरून त्याचे सांगीतिक घराणे समजते, आणि एखादे जुने गाणे आज कोण गात आहे हे पाहिले की नव्या गायकांची नावे आपोआप हाती लागतात. या दोन दिशांनी ये-जा करत राहिले की काही महिन्यांतच या संगीताचा नकाशा आपल्या मनात तयार होतो.

स्ट्रीमिंग ॲपच्या शिफारशींवर विसंबून हे काम होत नाही, कारण आपण जे ऐकलेले असते त्याच्याच आसपासचे ॲप पुन्हा पुन्हा पुढे ठेवते. इंदिला ऐकणाऱ्याला तिच्याच धाटणीची दहा गाणी मिळतात आणि पियाफ ऐकणाऱ्याला अकॉर्डियनच्या पार्श्वभूमीवरची कॅफेसंगीताची संकलने मिळतात, ज्यांचा आजच्या फ्रान्सशी फारसा संबंध नसतो. फ्रान्समधली सर्वाधिक ऐकली जाणारी पन्नास गाणी उघडून पाहिली, तर तिथे मुख्यतः रॅप आढळतो. तो ऐकण्यासारखा असतो, पण फ्रेंच लोक ज्याला ‘शांसों’ किंवा ‘व्हारिएते’ म्हणतात, त्या शब्दप्रधान गीतांच्या परंपरेतले नवे कलाकार त्या यादीत क्वचितच दिसतात.

कव्हरचा मार्ग फ्रेंच संगीताला विशेष लागू पडतो, याला इतिहासात कारण आहे. १९५९ साली ‘युरोप १’ या रेडिओ केंद्रावर ‘साल्यू ले कोपँ’ हा तरुणांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला, आणि त्यातून जी पिढी पुढे आली तिला समाजशास्त्रज्ञ एदगार मोरँ यांनी १९६३ मध्ये ‘ये-ये’ हे नाव दिले. त्याच वर्षी २२ जूनला पॅरिसच्या प्लास द ला नास्यों या चौकात या कार्यक्रमाच्या वतीने झालेल्या खुल्या मैफलीला लाखाहून अधिक तरुण जमले होते. या पिढीच्या गाण्यांचा फार मोठा हिस्सा अमेरिकन आणि ब्रिटिश गाण्यांच्या चालींवर फ्रेंच शब्द बसवून तयार झालेला होता. त्याचे एक कारण अगदी व्यावहारिक होते. त्या काळी फ्रान्समध्ये पॉप गाण्यांसाठी चार गाण्यांची, मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी प्रचलित होती, त्यामुळे प्रत्येक वेळी गायकाला एकदम चार गाणी लागत आणि ती भरून काढण्यासाठी प्रकाशक परदेशी गाण्यांचे हक्क घेऊन गीतकारांकडून घाईने शब्द लिहून घेत. मूळ इंग्रजी गाणे बहुतेक श्रोत्यांच्या कानी पडलेलेच नसे, म्हणून फ्रेंच रूप हेच त्यांच्या दृष्टीने मूळ ठरे.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून कोणत्या पदाच्या धर्तीवर ते गायचे हे सांगितलेले असे, आणि फ्रान्समध्येही लोकप्रिय चालींवर नवे शब्द गाण्याची प्रथा रेकॉर्डिंगच्या कितीतरी आधीपासून होती. ये-ये पिढीने ती प्रथा तबकडीवर आणली, एवढेच.

अशा रूपांतरांची काही उदाहरणे आवर्जून ऐकावीत. जॉनी हॅलिडे यांचे १९६४ चे ‘ल पेनितांसिए’ हे ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ या अमेरिकन लोकगीताचे फ्रेंच रूप आहे. युग ओफ्रे आणि व्हलिन ब्युगी यांनी शब्द लिहिताना न्यू ऑर्लिन्समधले ते घर बाजूला ठेवले आणि गाण्यात थेट तुरुंग आणला. क्लोद फ्रांस्वा यांनी १९६३ मध्ये ‘इफ आय हॅड अ हॅमर’ हे गाणे ‘सी झाव्हे अँ मार्तो’ या नावाने घराघरात पोहोचवले. फ्रांस्वाझ आर्दी यांचे १९६८ चे ‘कोमाँ त दीर आदिय’ हेही एका इंग्रजी गाण्याचे रूप असून त्याचे शब्द सेर्ज गेन्सबुर यांचे आहेत. त्यात त्यांनी ‘एक्स’ या कठोर ध्वनीवर एकामागोमाग एक यमके जुळवली आहेत, आणि आर्दी ती इतक्या अलिप्त आवाजात गातात की मूळ इंग्रजी गाण्यातला हळवेपणा पूर्ण नाहीसा होतो. रिशार आंथनी यांचे १९६२ चे ‘झांताँ सिफ्ले ल त्रँ’ लावले, तर भारतीय श्रोत्याला चाल लगेच ओळखू येईल. ते ‘फाइव्ह हंड्रेड माइल्स’ या अमेरिकन गाण्याचे फ्रेंच रूप आहे, आणि त्याच चालीवर १९९० च्या ‘जुर्म’ चित्रपटातले ‘जब कोई बात बिगड जाए’ बेतलेले आहे. वर्गात ही दोन गाणी लागोपाठ ऐकवली की विद्यार्थ्यांच्या मनातले या संगीताबद्दलचे परकेपण ताबडतोब कमी होते.

मात्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे उदाहरण ज्यो दासँ यांच्या ‘ले शाँझेलिझे’चे आहे. १९६९ चे हे गाणे जगभर पॅरिसची ओळख म्हणून गायले जाते आणि फ्रेंच शिकवणाऱ्या जवळपास प्रत्येक वर्गात ते वाजते. पण त्याची चाल लंडनची आहे. जेसन क्रेस्ट या ब्रिटिश गटाचे ‘वॉटरलू रोड’ हे १९६८ चे गाणे फारसे चालले नाही. पिएर दलानोए यांनी लंडनच्या त्या रस्त्याच्या जागी पॅरिसचा रस्ता ठेवून नवे शब्द लिहिले, आणि मूळचे अमेरिकन असलेल्या दासँ यांनी ते गायले. गाण्याचे ‘फ्रेंचपण’ बहुतेक वेळा चालीपेक्षा शब्दांत आणि ते उच्चारण्याच्या रीतीत असते, हे यावरून कळते. म्हणून मी प्रत्येक नव्या श्रोत्याला सांगते की, गायकाच्या नावाबरोबर गीतकाराचेही नाव वाचावे. दलानोए, गेन्सबुर किंवा बोरिस बेर्गमान अशा एका गीतकाराचे नाव धरून शोध घेतला, तर एकाच हाताने लिहिलेली पाच-सहा गायकांची गाणी समोर येतात, आणि शिफारशींच्या यादीत ती एकमेकांच्या शेजारी कधीच आली नसती.

चालींचा प्रवास उलट दिशेनेही झाला आहे. १९६७ मध्ये क्लोद फ्रांस्वा, झाक रव्हो आणि झिल तिबो यांनी रचलेल्या ‘कॉम दाबित्यूद’ या गाण्याचा विषय आहे विझत चाललेल्या प्रेमाची रोजची कंटाळवाणी दिनचर्या. पॉल अंका यांनी त्यावर लिहिलेले ‘माय वे’ फ्रँक सिनात्रा यांनी गायले आणि ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आयुष्याच्या अखेरीला मागे वळून पाहणाऱ्या माणसाचा अभिमान आहे. एकाच चालीत इतके विरोधी दोन अर्थ मावतात, हे समजून घ्यायचे असेल तर दोन्ही गाणी शब्द समोर ठेवून ऐकावीत. बेल्जियमचे झाक ब्रेल यांच्या ‘ल मोरिबाँ’चे (१९६१) पुढे ‘सीझन्स इन द सन’ झाले, तेव्हा मरणाऱ्या माणसाच्या निरोपातला तिखटपणा, विशेषतः बायकोच्या प्रियकराला उद्देशून असलेला भाग, टेरी जॅक्स यांच्या १९७४ च्या रूपात गळून पडला आणि गाणे गोड झाले. शार्ल त्रने यांचे ‘ला मेर’, प्रेव्हेर व कोस्मा यांचे ‘ले फय मॉर्त’ आणि झिल्बेर बेको यांचे ‘ए मँतनाँ’ यांची इंग्रजी रूपे बहुतेकांच्या कानावरून गेलेली असतात, तेव्हा मूळ गाण्यापर्यंत पोहोचायला तिथे वेळ लागत नाही.

आता फ्रेंचमधून फ्रेंचमध्ये झालेल्या कव्हरकडे येते. खरे कसब इथे दिसते, कारण शब्द तेच राहतात आणि तरीही गाणे बदलते. क्रिस्तॉफ यांचे ‘ले मो ब्ल’ हे १९७४ चे गाणे घ्या. शब्द झाँ-मिशेल झार यांचे आहेत, जे पुढे इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी जगप्रसिद्ध झाले. मूळ गाण्यात क्रिस्तॉफ यांचा उंच, तुटेल असा वाटणारा आवाज आहे आणि बोलायचे धाडस नसलेल्या प्रियकराची घालमेल त्या आवाजातूनच जाणवते. १९९२ मध्ये एड्सवरील संशोधनाच्या मदतीसाठी निघालेल्या संकलनात आलँ बाशुंग यांनी तेच गाणे खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखे गायले. तोच मजकूर आता लाजऱ्या तरुणाचा राहत नाही, तो वेळ निघून गेलेल्या माणसाचा होतो. ही दोन रूपे लागोपाठ ऐकणे हा फ्रेंच गायकीचा सर्वांत चांगला पहिला धडा आहे, असे मी मानते.

राशिद ताहा आणि त्यांच्या ‘कार्त द सेझूर’ या गटाने १९८६ मध्ये त्रने यांचे ‘दूस फ्राँस’ गायले, तेव्हा कव्हर या प्रकाराला थेट राजकीय धार आली. बालपणीच्या खेड्याची, चर्चच्या घंटेची आठवण सांगणारे हे युद्धकाळातले हळवे गाणे मगरेबी (उत्तर आफ्रिकी) वंशाच्या तरुणांनी अरबी वाद्यांच्या साथीने गायले, आणि शब्दाला शब्द तोच ठेवूनही ‘हा देश कोणाचा’ हा प्रश्न उभा केला. नागरिकत्वाच्या कायद्यावर वाद चालू असताना संसद सदस्यांना या तबकडीच्या प्रती वाटण्यात आल्या होत्या.

अलीकडच्या काळातले याच तोलाचे उदाहरण म्हणजे ‘फ शातर्तों’ या गटाने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी पॅरिसच्या पाँतेओं या राष्ट्रीय स्मारकासमोर गायलेले ‘लाफिश रूझ’. नाझींनी १९४४ मध्ये गोळ्या घालून मारलेल्या, मुख्यतः परदेशी वंशाच्या प्रतिकार-सैनिकांवर लुई आरागों यांनी १९५५ मध्ये कविता लिहिली आणि लेओ फेरे यांनी तिला चाल दिली. त्या प्रतिकार-सैनिकांचे नेते मिसाक मानुशियाँ यांचे अवशेष पाँतेओंमध्ये नेण्यात आले त्या सोहळ्यात हे गाणे नव्या पिढीच्या आवाजात देशाने ऐकले. ज्या श्रोत्याला ‘फ शातर्तों’ ठाऊक नव्हते, त्याला त्या संध्याकाळी आजचा एक अतिशय समर्थ गट सापडला, आणि ज्याला फेरे ठाऊक नव्हते, त्याच्यासमोर विसाव्या शतकातल्या काव्यगायनाचे अख्खे दालन उघडले. त्यांचे प्रमुख गायक आर्थ्युर तबूल यांची स्वतःची गीते ऐकली, तर मागे बाशुंग आणि फेरे दोघांची सावली जाणवते. एका कव्हरमुळे गायकाचे घराणे कळते ते असे.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकने तर अशा गाण्यांचा एक संचच जगासमोर ठेवला. २६ जुलैच्या उद्घाटनात मालीतल्या बामाको येथे जन्मलेल्या आया नाकामुरा यांनी प्रजासत्ताक रक्षक दलाच्या (‘गार्द रेप्युब्लिकेन’च्या) बँडबरोबर स्वतःची गाणी गाताना मध्ये शार्ल आझ्नावूर यांच्या ‘फॉर मी फॉर्मिदाब्ल’ची ओळ गुंफली. या सोहळ्यासाठी नाकामुरा यांना निवडण्यावरून फ्रान्समध्ये आधी बराच वाद झाला होता. आझ्नावूर स्वतः आर्मेनियन स्थलांतरितांचे पुत्र होते आणि त्या गाण्यात त्यांनी इंग्रजी-फ्रेंचची सरमिसळ केलेली आहे, हे ध्यानात घेतले की नाकामुरा यांनी केलेली त्या गाण्याची निवड किती अचूक होती हे समजते. त्याच रात्री सेलिन दियों यांनी आयफेल टॉवरवरून पियाफ यांचे ‘ईम्न आ लामूर’ गायले. ११ ऑगस्टच्या समारोपाच्या सुरुवातीला झाओ द सागाझाँ यांनी त्युइलरी बागेत ‘सू ल सिएल द पारी’ गायले.

झाओ द सागाझाँ यांच्याविषयी थोडे अधिक सांगते, कारण आजचे फ्रेंच पॉप कुठून सुरू करावे असे विचारणाऱ्याला मी पहिले नाव त्यांचे सांगते. सँ-नाझेर या बंदराच्या शहरातून आलेल्या या गायिकेचा पहिला अल्बम ‘ला सँफोनी देझेक्लेर’ २०२३ मध्ये आला आणि २०२४ च्या ‘व्हिक्त्वार द ला म्युझिक’ पुरस्कारांत त्यांना चार पुरस्कार मिळाले. ब्रेल आणि फ्रेंच गायिका बार्बारा यांच्यासारखी भरदार, नाट्यमय गायकी आणि तिच्या जोडीला जर्मन धाटणीचे कोरडे इलेक्ट्रॉनिक ठेके, असे मिश्रण त्यांनी साधले आहे. मे २०२४ मध्ये कान चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनात त्यांनी डेव्हिड बोवी यांचे ‘मॉडर्न लव्ह’ परीक्षक मंडळाच्या अध्यक्षा ग्रेटा गर्विग यांच्यासाठी गायले. ते गाणे गर्विग यांनी अभिनय केलेल्या ‘फ्रान्सेस हा’ या चित्रपटातले आहे, म्हणून निवडलेले होते. ती चित्रफीत पाहून मग अल्बमकडे वळावे.

त्यांच्यानंतर क्लारा ल्युसियानी. मेट्रोनॉमी या ब्रिटिश गटाच्या ‘द बे’ गाण्याचे ‘ला बे’ हे त्यांचे फ्रेंच रूप ये-ये काळातली रूपांतराची रीत आजही जिवंत असल्याचा चांगला पुरावा आहे. २०१८ च्या ‘ला ग्रनाद’ या त्यांच्या स्वतःच्या गाण्यात आर्दी यांची संयत खालची पट्टी आणि नृत्याचा ठेका एकत्र आलेला दिसतो. झ्युलिएत आर्माने सत्तरीच्या दशकातल्या पियानोप्रधान व्हारिएतेचा वारसा उघडपणे सांगतात. पॉम यांचा ‘ले फाय’ (२०१९) हा अल्बम शांत, लोकसंगीताच्या वळणाचा आहे आणि उच्चार स्पष्ट असल्यामुळे शिकणाऱ्याला फार उपयोगी पडतो. ब्रसेल्सच्या आँझेल यांची गाणी हलकी वाटतात, पण शब्द नेमके आणि बोचरे असतात. स्ट्रोमाय आवडत असतील तर त्यांच्या ‘कार्मेन’ या गाण्यात बिझे यांच्या ऑपेरातली ‘हाबानेरा’ ट्विटरविषयीच्या नव्या शब्दांसह कशी वापरली आहे, ते पाहावे. आणि ‘नूवेल वाग’ या प्रकल्पाने २००४ पासून इंग्रजी न्यू वेव्ह गाणी बोसा नोव्हाच्या लयीत गायली. त्यांचा २०१० चा ‘कुलर स्यूर पारी’ हा अल्बम मात्र ऐंशीच्या दशकातल्या फ्रेंच गाण्यांचा आहे, आणि तो ऐकताना मूळ गाण्यांची यादी करत गेले तर एका दशकाची ओळख होऊन जाते.

फ्रेंच गाणे म्हणजे केवळ पॅरिस, ही समजूत जितकी लवकर सुटेल तितके बरे. कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताचे संगीतविश्व स्वतंत्र आहे. तिथल्या उच्चारांची सवय व्हायला वेळ लागतो, पण ‘ले काउबॉइज फ्रँगाँ’, कर द पिरात, उबेर लनुआर आणि क्लो पेलगाग यांच्यासाठी तो वेळ जरूर द्यावा. कॅनडातल्याच न्यू ब्रन्सविक प्रांताच्या लिझा लब्लाँ फ्रेंच आणि इंग्रजी मिसळून बोलल्या जाणाऱ्या अकादियन बोलीत गातात. त्यांचा २०२२ चा ‘शियाक डिस्को’ ऐकला की पाठ्यपुस्तकाबाहेरची फ्रेंच किती ऐसपैस आहे हे कळते. मालीचे आमादू आणि मारियाम यांचा, मानू चाओ यांनी निर्मिलेला ‘दिमाँश आ बामाको’ (२००४) हा अल्बम फ्रेंच आणि बांबारा या दोन्ही भाषांत आहे, आणि आया नाकामुरा यांच्या शब्दांत या पश्चिम आफ्रिकी फ्रेंचचे धागे सतत दिसतात.

नवी नावे नियमितपणे कळावीत यासाठी कोणती साधने वापरावीत, हे आता सांगते. फ्रान्समध्ये १९९४ च्या कायद्याने खासगी रेडिओ केंद्रांवर १ जानेवारी १९९६ पासून ४० टक्के फ्रेंच गाणी वाजवण्याचे बंधन आले, आणि त्यातली निम्मी नव्या कलाकारांची किंवा नव्या निर्मितीची असावीत अशी अट घातली गेली. पुढे या नियमात काही सवलती आल्या, तरी मूळ हेतू कायम आहे. कॅनडात फ्रेंच केंद्रांसाठी हे प्रमाण लोकप्रिय गायनसंगीताच्या ६५ टक्के इतके आहे. त्यामुळे फ्रेंच रेडिओ हे आजही नवे गाणे पोहोचवणारे खरे माध्यम आहे. इंटरनेटवरून ऐकण्यासाठी मी सर्वांत आधी ‘फिप’ सुचवते. १९७१ मध्ये सुरू झालेल्या रादिओ फ्राँस या सार्वजनिक रेडिओ संस्थेच्या या केंद्रावर जाहिराती नसतात, निवेदन मोजकेच असते आणि जॅझपासून शांसोंपर्यंत सर्व काही विचारपूर्वक गुंफलेले असते. नव्या गाण्यांसाठी त्यांची वेगळी वाहिनीही आहे, आणि कोणत्या वेळी कोणते गाणे वाजले हे संकेतस्थळावर पाहता येते. घरात काम करताना ते लावून ठेवावे आणि थबकायला लावणाऱ्या गाण्याचे नाव लगेच टिपून घ्यावे. क्वेबेकसाठी ‘इसी म्युझिक’ हे रेडिओ केंद्र आणि फ्रेंचभाषक आफ्रिकेसाठी ‘एरेफी’ (RFI) या फ्रेंच आंतरराष्ट्रीय रेडिओचे संगीतविषयक कार्यक्रम घ्यावेत.

महोत्सवांच्या कार्यक्रमपत्रिका हे दुसरे साधन, आणि भारतात बसून त्यांचा उपयोग तिकीट न काढताही होतो. एप्रिलमध्ये बूर्ज शहरात होणाऱ्या ‘प्रँताँ द बूर्ज’मध्ये (स्थापना १९७७) ‘इनुई’ हा नवोदितांची निवड करणारा उपक्रम असतो. जुलैमध्ये ला रोशेल येथील ‘फ्राँकोफोली’ (१९८५) आणि डिसेंबरमध्ये रेन येथील ‘त्राँस म्युझिकाल’ (१९७९) होतात. जूनमध्ये माँत्रेयालचा फ्राँको महोत्सव असतो. या याद्यांमध्ये जी नावे लहान अक्षरांत छापलेली असतात, ती दोन-तीन वर्षांनी मोठ्या अक्षरांत दिसू लागतात. फेब्रुवारीतल्या ‘व्हिक्त्वार’च्या नवोदितांसाठीच्या नामांकनांवरही लक्ष ठेवावे.

खास कव्हरसाठी ‘तारातता’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे जुने भाग शोधावेत. १९९३ पासूनच्या या कार्यक्रमात दोन वेगळ्या धाटणीच्या कलाकारांना एकत्र आणून दुसऱ्याच कोणाचे तरी गाणे प्रत्यक्ष मंचावर गाऊन घेतले जाते, आणि त्यातल्या काही जोड्या मूळ गाण्याइतक्याच लक्षात राहतात. ‘ईना’ या राष्ट्रीय दृक्श्राव्य संग्रहाने साठ-सत्तरच्या दशकांतली दूरचित्रवाणीवरची गाणी यूट्यूबवर खुली केली आहेत. एखाद्या गाण्याची किती आणि कोणती रूपे झाली हे पाहायचे असेल, तर ‘सेकंडहँडसाँग्ज’ या सूचीत नाव घालावे. मूळ गीतकार-संगीतकार आणि नंतरची रूपे वर्षांसह तिथे मिळतात. यूट्यूबवर इंग्रजी गाजलेल्या गाण्यांची ताजी फ्रेंच रूपे गाणारेही पुष्कळ आहेत. कानाला सराव म्हणून ती चालतात, पण त्यांतले शब्द अनेकदा मूळ इंग्रजी ओळींना जखडलेले असतात, त्यामुळे भाषा शिकण्यासाठी मी ती देत नाही.

राहिला तुमच्या गाण्याचा प्रश्न. फ्रान्समध्ये १९८२ साली सुरू झालेला २१ जूनचा संगीत दिन मुंबई-पुण्यातही फ्रेंच शिकणाऱ्यांच्या ओळखीचा झाला आहे, आणि त्यासाठी गाणे निवडताना बहुतेक विद्यार्थी पियाफ यांच्याकडे वळतात. पहिल्यांदा गाताना मी तसे करू नये असे सांगेन. पियाफ यांच्या गाण्यांना आवाजाची मोठी झेप आणि घशातला ‘र’ लागतो, आणि श्रोत्याच्या मनात मूळ आवाज इतका पक्का असतो की तुलना टळत नाही. त्याऐवजी फ्रांस्वाझ आर्दी यांचे १९६२ चे ‘तू ले गार्सों ए ले फीय’ घ्यावे. शब्द त्यांनी स्वतः लिहिलेले आहेत, लय संथ आहे, स्वरांचा आवाका लहान आहे आणि एका गिटारवरही ते उभे राहते. आर्दी यांनी हे गाणे पुढे इटालियन, जर्मन आणि इंग्रजीतही ध्वनिमुद्रित केले, म्हणजे स्वतःचे कव्हर स्वतःच केले. तीही रूपे तालमीच्या काळात ऐकावीत.

उच्चाराबाबत एक गोष्ट वर्गात बहुधा शिकवली जात नाही. बोलताना शब्दाच्या शेवटचा जो ‘अ’सारखा स्वर आपण गिळतो, तो गाताना पुष्कळदा पूर्ण मात्रेने उच्चारावा लागतो. ब्रेल यांच्या ‘न म कित पा’मध्ये बोलण्यात तीन-चारच अक्षरे ऐकू येतात, पण चाल पाच अक्षरांवर बसवलेली आहे, आणि ‘कित’मधला शेवटचा स्वर स्वतंत्र सुरावर येतो. तो गिळला की ओळ लंगडी होते आणि गायक तालाच्या पुढे धावतो. म्हणून सुरांसह तालमीला बसण्याआधी शब्द कागदावर लिहून घ्यावेत, मूळ गायकाबरोबर हाताने ठेका धरून प्रत्येक ओळीतली गायलेली अक्षरे मोजावीत, आणि जिथे बोलण्यापेक्षा अक्षर जास्त निघेल तिथे खूण करावी. त्यानंतर अनुनासिक स्वरांकडे वळावे. ‘आँ’, ‘ओं’ आणि ‘अँ’ हे तिन्ही मराठी जिभेला एकाच जागी यावेसे वाटतात, तेव्हा संथ लयीत, वाद्याशिवाय, ते एकेक वेगळे करून घ्यावेत. त्या खुणांचा कागद शेवटच्या तालमीपर्यंत समोर ठेवावा.